बहारीनचा दर

मडगावात, पालिका बागेपासून चालत सात मिनिटं,
रिबेलो आर्केड.
पाटीवरचं एक अक्षर पडलंय,
त्या खाचेत कबुतर बसतं.
सरकता जिना आता नुसताच जिना आहे.

चालू होता तेव्हा केप्याहून, काणकोणाहून माणसं यायची,
चपला काढून हातात घ्यायची,
पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावायची
आणि वर पोचली की
उतरायचं कसं ते न कळून उभी राहायची.

मासे घेऊन आत जायला मनाई.
दाराशी कायतान असे, खाकी शर्ट, खिळ्यांची रांग,
प्रत्येक पिशवीला पितळी टोकन.
बाजारातून आलेले बांगडे बाहेर लटकत,
मालकीणबाई आत पडद्याचं कापड बघत.
एकदा बारा नंबरचं इसवण
एकवीस नंबरवालीच्या घरी गेलं.
पुढे दोघी विहिणी झाल्या.

मी आले ते झेरॉक्ससाठी.
जन्मदाखला, तीन प्रती.
"लिस्बनला पाठवायचा?" सावियोने विचारलं.
म्हटलं, नाही रे, बँकेत द्यायचाय.
त्याला माझं वाईट वाटलं असावं,
एक प्रत त्याने जास्तच काढली.

वरचा मजला. आरशांचे खांब.
पारा उडालाय, मी तुकड्यातुकड्यांनी चालते.
रोझलिन टेलर्सच्या काचेत
बिनडोक्याची बाई, अंगावर टाचण्या तशाच.
आणि कोपऱ्यात, दोन माणसं कशीबशी मावतील एवढं,
सत्यभामा लोटलीकरचं टेलिफोन बूथ.
आत कागदाचे गठ्ठे रचलेत. फोन नाही.
लाल आकड्यांचं यंत्र आहे अजून,
शून्यसुद्धा दाखवत नाही.

दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही इथे.
तिकडे पप्पांना सुट्टी.
आई आधी यादी करी, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने,
थेट प्लायवूडवर,
म्हणजे पैसे फुकट जायला नकोत.
मग आकडे पळायचे आणि ती त्यांच्याही पुढे.
शेवटची दहा सेकंदं माझी.
मी म्हणायचे, पप्पा.
तारेतून माझाच आवाज परत यायचा: पप्पा.
मला कितीतरी वर्षं वाटे,
ते मलाच पप्पा म्हणतात.

मोबाईलचा दिवा लावला. तिचं अक्षर आहे.
कौलं.
शाळेची फी, पावती मिळाली.
धाकट्याचा दात.
काजू यंदा बरे.
त्याखाली: सांगायचं नाही.
आणि त्यापुढची ओळ खोडलेली,
इतकी, की लाकडाच्या शिरा वर आल्यात.

"कितें जाय तुका, ताई?" सावियो मागे उभा.
चतुर्थी झाली की पाडणार आहेत म्हणाला,
हवं ते घेऊन जा.
म्हटलं, खालचे गठ्ठे जरा बाजूला कर.

मला तेव्हा अक्षरं नुकतीच लागली होती.
ती फोनवर असली की
मी खाली बसून तिची यादी गिरवायचे,
जशी दिसेल तशी, अर्थाशी देणंघेणं नाही.
दोन गठ्ठे हलले. तिसरा.
माझ्या कमरेच्याही खाली
वाकडी, मोठी, भिंतीवरून घसरलेली:
कवलं. फि. दात. काजु.
सगायचं नाय.

आणि तिने वर खोडलेली ओळ
खाली तशीच राहिलेली,
कुणी न खोडलेली,
माझ्या हातची, मोठ्या पोटाच्या ड सकट:

डाव्या बाजुला गाट

आई तेव्हा चौतीस वर्षांची होती.
त्या शुक्रवारी तिने बहुधा काजूचंच सांगितलं,
भाव, पाऊस, कौलं,
आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला,
दहा नाही, चांगली वीस सेकंदं.

सावियोने गठ्ठे परत लावले, नीट, कडेला कड.
मी विचारलं, किती झाले.
आठ म्हणाला.
मग म्हणाला, सहाच दे,
एक प्रत माझी चूक.